पायाळू पाहिजे

११ जानेवारी, रविवार

ही डायरी अकोल्याच्या एका कृषी केंद्रानं फुकट वाटली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी कोणत्या किडीवर काय फवारायचं ते छापलेलं आहे. आजच्या पानावर घाटेअळी. आईनं भाजीच्या दुकानातून काढून दिली आणि म्हणाली, कोठं राहतोस, काय करतोस ते मला सांगत नाहीस, निदान लिहीत तरी जा. म्हणून लिहितो.

अमरावतीला हॉटेलात कामाला लागणार होतो. मालक म्हणाला दुपारी ये. तोवर राजकमल चौकात हिंडत होतो तर एक टेम्पो उभा दिसला. मागे घमेली, फावडी आणि दहापंधरा माणसं. एक म्हातारी बाई डब्यातून पोहे वाढत होती. मी नुसता पाहत उभा होतो. ती म्हणाली, "श्रमदानाले आला का बाप्पा?" पोह्यांचा वास असा होता की मी हो म्हटलं. हॉटेलाचं राहून गेलं.

टेम्पो अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे धामणखेड नावाच्या गावात थांबला. गावाबाहेर जुनी पायविहीर आहे. दगडी पायऱ्या उतरत खाली पाण्यापर्यंत जायचं, अशी. पण पाणी नाहीच. गाळ, बाभळी, प्लास्टिक, मोडकी बाज, लोकांनी आणून टाकलेल्या जुन्या तसबिरी. या लोकांची 'पायरी' नावाची संस्था आहे आणि दर रविवारी येऊन ते ही विहीर उपसतात. एक डॉक्टर, एक बँकेतला माणूस, आकांक्षा नावाची इंजिनीअरिंगची पोरगी आणि तिच्या मैत्रिणी. पगार कोणालाच नाही. गाळ वाहतात आणि वर हसतात.

मीही वाहिला. पण दिवसभर डोक्यात एकच. फुकट कोणी काही करत नसतं. आईसुद्धा कोथिंबिरीची काडी फुकट देत नाही. यांना यातून काय मिळतं?

मुख्य माणूस खुशालराव सर. अंजनगावला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त होऊन अमरावतीला राहतात. पोहेवाली म्हातारी म्हणजे त्यांची बहीण, बेबीताई. सर दिवसभर काठी टेकून वर उभे, इथं खोदा, तिथं नको. जेवायलाही बसले नाहीत. स्वतः एक घमेलं उचललं नाही. हे लक्षात ठेवलं.

१३ जानेवारी, मंगळवार

मी आता धामणखेडचा रहिवासी आहे. झालं असं की अवजारं चोरीला जातात म्हणून त्यांना गावात मुक्कामाला कोणीतरी हवं होतं. राखण करायची आणि रोज जमेल तेवढं उपसायचं. बाकी सगळ्यांना नोकऱ्या नाहीतर कॉलेज. सरांनी मला विचारलं, तुला काय काम आहे? मी तिथंच घमेली मोजायला घेतली.

जयवंताबाईंच्या कोठ्यात झोपतो. कोठ्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि मी. जयवंताबाईंचं वावर विहिरीला लागूनच आहे. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी फुलं. विहिरीला पाणी आलं तर त्यांचा उन्हाळा निघतो, म्हणून जेवण त्यांच्याकडे.

पाण्याची घाई आहे. ग्रामपंचायतीनं होळीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर पाणी दाखवा, नाहीतर मुरूम टाकून विहीर बुजवू आणि वर सभागृह बांधू. उत्तमराव म्हणून गावातले वजनदार सदस्य आहेत. त्यांची कालवड गेल्या पोळ्याला विहिरीत पडून मेली, तेव्हापासून ते मागे लागले आहेत. हे सगळं सरांनी सांगितलं. मग म्हणाले, "मी याच विहिरीत पोहायला शिकलो. बुजवली तर पुन्हा कोणी उकरणार नाही."

चांगलं बोलतात. पण अनोळखी पोराला कोणी असं ठेवून घेतं का? माझं आधार कार्डसुद्धा पाहिलं नाही. नाव विचारलं आणि जेवतोस ना पोटभर, एवढंच विचारलं.

१८ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी टेम्पोवाल्यानं आरशाला लिंबू-मिरची बांधली होती. सरांनी ती तोडली आणि आम्हा सगळ्यांना उभं करून अर्धा तास भाषण दिलं. शाळेत ते जिभेवर कापूर जाळून दाखवायचे म्हणे, पोरांच्या डोक्यातलं भूत जावं म्हणून. जादूटोण्याच्या कायद्यातलं कलम त्यांना पाठ आहे. मला भाषण आवडलं. मध्येच विहिरीच्या काठावर दोन मुंगसं आली म्हणून थोडं ऐकायचं राहिलं.

आणि हाच माणूस दुपारी चहाच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होता. आधी डॉक्टरला. डॉक्टर मान हलवून हसला. मग बँकवाल्याला. मग टेम्पोवाल्याला, ज्याचं लिंबू तोडलं होतं त्यालाच. मग माझ्याकडे आले. इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "शिवम, तू पायाळू आहेस का रे?"

पायाळू म्हणजे जन्माला येताना पायांकडून आलेला. मी आहेच. आई नेहमी म्हणते, तू पायांनी आलास म्हणून तुझा पाय एका जागी ठरत नाही. वीज कडाडली की मला घराबाहेर जाऊ देत नाही. मी काही विचार न करता हो म्हणून बसलो.

सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मग लगेच पडला. म्हणाले, "बरं. कोणाजवळ बोलू नको." आणि काठी टेकत निघून गेले.

लिंबू तोडणाऱ्या माणसाला पायाळू कशाला पाहिजे? आणि गुपचूप का?

२० जानेवारी, मंगळवार

मनोजच्या पानटपरीवर गेलो होतो. चहा प्यायला, बाकी काही नाही. मनोज माझ्याहून थोडा मोठा. त्याला मी सहज विचारलं, पायाळू माणसाचा काय उपयोग असतो रे?

त्यानं सुपारी कातरायची थांबवली. म्हणाला, "पायाळूच्या डोयात काजळ घातलं का त्याले जमिनीतलं धन दिसते. गुप्तधन. पन ते धन असं निंगत नाई. बळी लागते."

"कोणाचा?"

"आता ज्याले दिसलं त्याचाच देत असतीन. दुसरं कोन जागा जाणून हाय?"

माझा चहा गार झाला. मग मी सांगितलं की सर पायाळू शोधत होते. मी काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण बाकावर चौघं बसले होते, त्यातले दोघं बाहेरगावचे. त्यांनी मोबाइल खाली ठेवले. एकानं विचारलं, खोदतात तरी कोठं? मी म्हटलं, खोदतात सगळीकडे, फक्त आसरांच्या कोनाड्याजवळ हात लावू देत नाहीत. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. सातव्या पायरीशी भिंतीत कोनाडा आहे, त्यात शेंदूर फासलेले सात खडे आहेत. वरचा दगड सुटलाय, डोक्यावर येईल, असं सर सांगतात. सांगायला काय जातं.

मनोजनं माझे पैसे घेतले नाहीत. वरून पानही दिलं.

२५ जानेवारी, रविवार

गाळ आता सुकलाय, त्याची धूळ उडते. माझे डोळे सकाळपासून लाल झाले होते. दुपारी बेबीताईंनी पदराच्या गाठीतून एक डबी काढली. घरी केलेलं काजळ.

"ये इकडं. एरंडेलाचं हाय, थंड वाटन."

मी अशा पायऱ्या चढलो की शेवटच्या तीन कशा आल्या ते कळलंच नाही. आकांक्षा हसत होती. तिला काय माहीत. की माहीत असेल?

नंतर जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वरून तूप. बेबीताईंनी माझ्याच पानात दोनदा तूप ओतलं आणि म्हणाल्या, अंगाला लागू दे काहीतरी, पाय पहा कसे काड्यांसारखे झाले. सर्वांचे सोडून माझे पाय. बोकडालाही आधी असंच चारतात.

मी सगळं खाल्लं. तूप फार चांगलं होतं.

२८ जानेवारी

काल पळालो होतो. कौंडण्यपूरला जाणारा ट्रक मिळाला, बसलो. वर्धेच्या काठी एक माणूस डोंग्याला डांबर लावत होता. त्याला मदत केली. त्यानं मासे खाऊ घातले आणि राहतोस का म्हणाला. राहिलोही असतो. पण कोठ्याला कडी न लावता आलोय हे आठवलं. सब्बल, म्हणजे खोदायची पहार, आत होती. आज दुपारी परत आलो. जयवंताबाई म्हणाल्या, "म्हशीनं तुयी वाट पाह्यली." 

सब्बल जागेवर होती.

१ फेब्रुवारी, रविवार

सरांबद्दल दोन गोष्टी कळल्या.

एक. त्यांच्या शर्टाच्या आत कमरेला काहीतरी रुंद बांधलेलं आहे. वारा आला तेव्हा दिसलं. चार बोटं, नाही, त्याहून रुंद. पूर्वी सावकार कमरेला पैसे बांधायचे तसं. की मंतरलेलं काही? अंगाला वासही येतो. निलगिरीसारखा, कापरासारखा.

दोन. जेवणानंतर सगळे कडुलिंबाखाली लोळत होते तेव्हा मी सरांच्या मागे गेलो. ते चौथ्या पायरीवर पालथे झोपले होते. पोट दगडाला, गाल दगडाला, हात दोन्हीकडे पसरलेले. डोळे मिटलेले. बराच वेळ तसेच. जमिनीला कान लावून काय ऐकत होते? मग आकांक्षा खाली उतरली. तिनं त्यांना बगलेत हात घालून उठवलं. उठताना सरांच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी मागच्या मागे सटकलो.

म्हणजे आकांक्षाही त्यांच्यात आहे.

सगळे टेम्पोत बसून गेल्यावर मी एकटा खाली उतरलो. म्हटलं, मी पायाळू आहे ना, मग मलाच पाहू दे. धन निघालं तर वाटा कोणाला कशाला द्यायचा. कोनाड्यासमोर डोळे बारीक करून पाहिलं. मोठे करून पाहिलं. एक डोळा झाकून पाहिलं. गाळ दिसला. एक बेडूक दिसला. तो बेडूक ओल्या जागेत बसला होता एवढं खरं. आठवडाभरापूर्वी ती जागा कोरडी होती.

४ फेब्रुवारी

आज काही झालं नाही. वानरं आली होती. एक पिल्लू माझा टॉवेल घेऊन चिंचेवर गेलं, त्यामागे दुपार गेली. टपरीवरचे ते बाहेरगावचे दोघं विहिरीच्या वरून चक्कर मारून गेले. मी हात केला. त्यांनी केला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी जयवंताबाईंच्या ओरडण्यानं जागा झालो.

पायविहिरीचा कोनाडा फोडला आहे. सातवी आणि आठवी पायरी उखडून माणूस बसेल एवढा खड्डा केलाय. वरचा कोरीव दगड, ज्यावर वेलबुट्टी होती, तो खाली पडून मधोमध दुभंगला. आसरांचे खडे गाळात फेकलेले. खड्ड्याच्या काठाला कापलेली लिंबं, हळद-कुंकू आणि काळ्या कोंबडीची पिसं. खड्ड्यात काहीच नाही, नुसती माती.

खोदलं आमच्याच सब्बलनं. सब्बल तिथंच टाकून गेले. संध्याकाळी मी कडी लावली होती की नाही ते आठवत नाही. मनोजकडे बसलो होतो, उशीर झाला होता.

दहा वाजेपर्यंत अर्धं गाव जमलं. सगळे कोंबडीच्या पिसांकडे पाहत आणि मग माझ्याकडे. उत्तमराव येऊन पाहून गेले. उंच माणूस, पांढरा शर्ट, बोलतात कमी. एवढंच म्हणाले, "मले वाटलंच होतं. शहरातली मान्सं फुकट गाळ काढाले काहून येतीन?"

मला धक्का बसला. हे तर माझंच वाक्य होतं.

जमादार आले, पंचनामा केला, काम बंद ठेवायला सांगितलं. परवा, गुरुवारी, ग्रामसभा. होळीची वाट पाहायची गरज नाही, बुजवायचं का नाही ते परवाच ठरेल.

सर दुपारी एसटीनं आले. फुटक्या दगडापाशी उभे राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, तो अर्धा दगड सरळ करायला वाकले आणि तसेच राहिले. वर येता येईना, खाली बसता येईना. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं दगडासाठी रडताहेत. चौघांनी धरून त्यांना वर आणलं.

आता कळत नाही. धन यांनी काढलं असेल तर हे रडतात कशाला? आणि काढलं नसेल तर आता तरी पायाळूची गरज लागणारच. मी पिशवी भरली आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

अंजनगावच्या स्टँडवर बसून लिहितोय. लिहीत होतो, म्हणजे. आता परत कोठ्यातून लिहितोय. नीट सांगतो.

पहाटे निघालो. अकोट, अकोला अशी गाडी धरणार होतो. एक गाडी गेली तेव्हा मी केळीच्या ट्रकमध्ये घड कसे रचतात ते पाहत होतो. खाली पाला, मग घड, मग पाला. एकही केळ दबत नाही. दुसरी गाडी गेली तेव्हा तो ट्रकवाला मला त्यातली युक्ती सांगत होता. तिसरीची वाट पाहत होतो, तर समोर जयवंताबाई. डोक्यावर रिकामी टोपली. बाजारात वांगी विकून आल्या होत्या.

मला वाटलं शिव्या देतील. माझ्या शेजारी बसल्या, फडक्यातून भाकरी काढली, अर्धी मला दिली.

"उद्या सभा हाय."

"माहीत आहे."

"गाव म्हनते सर पायाळू पाह्यत होते. मनोज म्हनते शिवमनंच सांगतलं."

मी भाकरी चावत राहिलो.

"तू पळाला तं लोकं म्हनतीन, पहा, पोट्टं जीव घेऊन पळालं, म्हंजे खरंच होतं. मंग विहीर गेली. मायं वावर गेलं." त्यांनी पदर झटकला. "तुले जायाचं तं जा. म्या काही बांधून नाई ठेवलं."

मी विचारलं, आणि खरंच माझा बळी दिला तर?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, म्हैस शेण चुकीच्या जागी टाकते तेव्हा पाहतात तसं. "तुया बळी देऊन कोन्ती देवी राजी होईन रे? तुले दिवसभर एका जागी उभं करता येत नाई."

तिसरी गाडी समोर उभी होती. मी तिच्यात चढलो नाही. भाकरी अर्धीच खाल्ली होती म्हणून असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रामसभा झाली. 

मारोतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर सरपंच, ग्रामसेवक, उत्तमराव, आणि खाली सगळं गाव. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. सर खुर्चीवर नाही, खांबाला टेकून उभे. बेबीताई जवळ. मी बायांच्या मागे लपलो होतो, पण मनोजनं पहिल्याच मिनिटाला बोट दाखवलं. म्हणाला, मी खोटं बोलत नाही, या पोट्यानं सांगितलं, विचारा त्याला. मला पुढं ओढून आणलं.

उत्तमराव उठले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी सरांना विचारलं, "सर, लांबन लावत नाई. तुमी पायाळू मानूस पाह्यत होते का नाई?"

सर म्हणाले, "हो."

गलका झाला. कोणी म्हणालं, कायदा शिकवणाराच असा. कोणी म्हणालं, बुजवा, आजच बुजवा. मुरमाचा ट्रॅक्टर तयारच होता, शाळेमागे उभा केलेला मी येताना पाहिला.

"काहून?" उत्तमराव म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. त्यांची मान खाली. डावा हात कमरेवर दाबलेला. कपाळावर घाम. त्या क्षणी मला वाटलं, आता हे सुटत नाहीत. खरं गुपित आता बाहेर येणार.

बेबीताई म्हणाल्या, "दादा, तू सांगतो का मी सांगू?"

सर म्हणाले, "बेबी, चूप बस."

"चूप काहून? पानी चाल्लं, विहीर चाल्ली, आन् तुले तुयी इज्जत धरून ठेवाची हाय?"

मग सरांनी वर पाहिलं. इतके दिवस मी त्यांना पुस्तकासारखं बोलताना ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ते आमच्यासारखं बोलले.

"पाठीत उसण भरली मायवाल्या," ते म्हणाले. "दिवाळीपासून. वाकता येत नाई, बसता येत नाई. डॉक्टर झाले, पट्टा झाला, मलम झाला, इंजेक्शनं झाले. हे बेबी रोज म्हने, पायाळूचा डावा पाय लावून घे. मी म्हनलं, जनम गेला पोरायले हे खोटं हाय सांगन्यात, आता मीच कोनापुढं पालथा पडू? मंग राह्यवलं नाई. इचारलं एकदोघायले. पोट्टं सापडलं, तं हिंमत झाली नाई."

देवळावरचं होलं पाखरू उडालेलं ऐकू आलं.

पुढच्या रांगेत पार्वताबाई म्हणून गावातली सर्वांत म्हातारी बाई बसली होती. तिला आधी हसू फुटलं. तोंडावर पदर घेऊन हसली, मग पदर सोडून हसली. मग बायांची एक रांग, मग दुसरी, मग पुरुष. ग्रामसेवकानं रजिस्टर तोंडापुढं धरलं. गावात असा एक माणूस नव्हता ज्यानं कधी ना कधी पायाळूचा पाय पाठीला लावून घेतला नव्हता. मनोजही हसला, पण त्याला खाली पाहावं लागलं. बाहेरगावचे ते दोघं कोठं दिसले नाहीत. परवापासूनच दिसत नाहीत.

उत्तमराव हसले नाहीत. म्हणाले, "सर, सातवीत असताना माया सायकलीचं लिंबू तुमी तोडलं होतं. सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं मले."

"हाव. आठवते."

"आन् तुमी पायाळू पाह्यत होते."

"हाव."

उत्तमराव खाली बसले. शेल्यानं तोंड पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

पार्वताबाई म्हणाली, "मंग आता वाट कोनाची पाह्यता? पोट्टं इथीच हाय. लाव म्हना पाय."

सरांनी एकदा बहिणीकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरच्या दिशेनं. काठी मला धरायला दिली आणि ओट्यावर पालथे झोपले, सगळ्या गावासमोर, त्यांनी शिकवलेल्या पोरांसमोर. मी चपला काढल्या. मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणून आधी त्यांच्या पायांना हात लावून पाया पडलो. मग डावा पाय पाठीवर ठेवला. शर्टाखाली पट्टा लागला. कडक, आत पट्ट्या असलेला, मेडिकलमध्ये मिळतो तो. सर आतून थरथरत होते.

"दाब," बेबीताई म्हणाल्या.

दाबला.

सर हळूहळू उठले. गुडघा, मग दुसरा, मग काठी न धरता सरळ उभे. दोन्ही हात वर केले, कवायतीत करतात तसे.

"गेली," ते मोठ्यानं म्हणाले. "पार गेली."

टाळ्या अशा वाजल्या की मारोतीही चकित झाला असेल. उत्तमराव उठून म्हणाले, पोट्याचा पाय एवढा गुणाचा असन तं विहिरीतबी लावून पाहू. अक्षय तृतीयेपर्यंत मुदत. आणि रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस. सरपंचांनी हो म्हटलं. मुरमाचा ट्रॅक्टर रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे गेला.

सर माझ्याजवळून जाताना म्हणाले, "टपरीवर चहा कमी पीत जा, शिवम."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र, म्हणून आज पोह्यांऐवजी साबुदाण्याची उसळ. गाव आलं. प्रत्येक घरातून एक नाही, काही घरांतून तीन. बायांनी स्वतःची घमेली आणली, कारण संस्थेची फार जड आहेत म्हणाल्या. पार्वताबाई वर बाजेवर बसून कोण आळशीपणा करतो ते सांगत होती. उत्तमरावांनी पांढरा शर्ट काढून ठेवला आणि बनियनवर उतरले. आसरांचे सातही खडे सापडले. सातवा माझ्या फावड्याला लागला. फुटका दगड लोखंडी पट्टीनं बांधता येतो, आकांक्षा म्हणाली. जयवंताबाईंनी मला दिवसभर सगळ्यांत भरलेली घमेली दिली.

दुपारनंतर, बेडूक बसायचा तिथं, गाळाचा रंग बदलला. जयवंताबाईंनी मूठ भरून घेतली आणि पिळली. त्यांच्या बोटांमधून पाणी गळलं. थेंबभरच. पण गळलं.

सर वरून पाहत होते. सगळे खाली धावले तसे ते मागे सरले आणि कडुलिंबाच्या आड गेले. मी फावडं धुवायला वर आलो होतो, म्हणून पाहिलं. त्यांची काठी खाली पडली होती. ती उचलायला ते वाकायला गेले, आणि नाही वाकले. खोडाला धरून, दात दाबून, पायानं काठी खोडावर वर सरकवत सरकवत हाताच्या टप्प्यात आणली. शर्ट वर करून पट्टा आणखी आवळला. तोच कण्हण्याचा आवाज, पालथे झोपले होते तेव्हाचा. मग चेहरा पुसला आणि हसत, ताठ, सगळ्यांत गेले. पार्वताबाईंनी विचारलं, पाठ कशी हाय सर? ते म्हणाले, पोट्याच्या पायाचा गुण, आजी.

म्हणजे गेली नाही. उसण तशीच आहे. अजिबात गेलेली नाही. मग अख्ख्या गावासमोर गेली म्हणून काहून सांगितलं? आयुष्यभर खोटं बोलू नका म्हणून शिकवणारा माणूस, आणि रोज खोटं बोलून राहिला. त्याला यातून काय मिळतं?

या माणसात काहीतरी आहे. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

साडेपाचच्या गाडीनं अकोल्याला जायचं ठरलं होतं. पिशवी कोठ्यात भरलेलीच होती. पण अशा माणसाला नजरेआड करून जाणं बरं नाही. पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले, सब्बल आत घेतली आणि कडी लावली. लावली का म्हणून उठून पाहून आलो. लावली आहे.